चित्रकला शिकताना आणि चित्रकार म्हणून उभं राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात येण्याआधी, वर्गात असताना आणि वर्ग सोडून गेल्यावरही विद्यार्थी आणि पालक मला काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

तुमच्या वर्गात नेमकं काय शिकवलं जातं?

पाहायला आणि ठरवायला. हात त्या दोघांच्या मागोमाग येतो.

समोर कप ठेवला आणि काढायला सांगितला, की बहुतेक जण कपाचं तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेषेत. तोंड गोल असतं हे आपल्याला ठाऊक असतं, टेबल सपाट असतं हेही ठाऊक असतं, म्हणून हात ठाऊक असलेलं काढून मोकळा होतो. डोळ्याला मात्र त्या वेळी तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसत असतं आणि बुडाची कड खाली झुकलेली दिसत असते. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसणारं कागदावर उतरवणं, ही पहिली अवघड गोष्ट.

दुसरी त्याहून अवघड. चित्र म्हणजे एकामागून एक घेतलेले शेकडो निर्णय असतात. चौकट कुठे धरायची, काय गाळायचं, सगळ्यांत गडद जागा कोणती, कुठली कड धारदार ठेवायची आणि कुठली विरून जाऊ द्यायची, हात कधी थांबवायचा. सुरुवातीला हे निर्णय मी विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देते. पुढे पुढे ते त्याचे त्याने घ्यायचे असतात. एखादा अभ्यास वर्गात ठेवायचा की काढून टाकायचा हे मी एकाच कसोटीवर ठरवते: हा केल्यानं विद्यार्थी माझ्यावाचून काम करायला थोडा अधिक लायक होतो का?

माझ्या अंगात कला नाही. तरी शिकता येईल का?

येईल. रेखाटन शिकता येतं, जसं लिहिणं शिकता येतं. कुणाला ते लवकर येतं, कुणाला वेळ लागतो. हा फरक खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण दहा-बारा वर्षांनी कोण काम करत राहिला हे बघितलं, तर पहिल्या महिन्यातला वेग फारसा उपयोगी पडलेला दिसत नाही. वयाचीही अट नाही. साठी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांना एक फायदा असतो, त्यांना कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

पहिले तीन महिने नुसती पेन्सिल आणि कोळसा का? मुलं कंटाळतात.

मुलं कंटाळतात ती अभ्यासाला हेतू दिसत नाही तेव्हा. म्हणून प्रत्येक अभ्यास कशासाठी आहे हे मी आधी सांगते.

पहिल्या आठवड्यात कागदाकडे न बघता काढायचं असतं. वस्तूच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीनं फिरवायची, पेन्सिल त्याच चालीनं सरकवायची आणि कागदाकडे मान वळवायची नाही. ही पद्धत किमॉन निकोलाइडिस या अमेरिकी शिक्षकांनी आपल्या वर्गात पद्धतशीर वापरली. १९३८ साली ते गेले आणि त्यांच्या शिकवणीचं पुस्तक त्यानंतर, १९४१ मध्ये निघालं. या अभ्यासातून निघणारी चित्रं वेडीवाकडी असतात, पण त्यातली प्रत्येक वळणाची जागा खरोखर पाहिलेली असते. जो विद्यार्थी दहा मिनिटं आपल्या अंगठ्याच्या नखाची कड बघत बसतो, त्याला नखाच्या कोपऱ्यात कातडी कशी दुमडते ते आयुष्यात पहिल्यांदा दिसतं.

त्याच्या जोडीला उलट टोकाचा अभ्यास असतो. उभ्या-बसलेल्या माणसाचं तीस सेकंदांत रेखाटन. इथे कडेला वेळच नसतो. वजन कुठल्या पायावर आहे, कणा कुठे वाकलाय, मान कुठल्या बाजूला झुकलीय, एवढंच पकडायचं. एक अभ्यास हळू बघायला शिकवतो, दुसरा एकदम सगळं बघायला.

मग मोकळ्या जागा. खुर्ची काढायची असेल तर खुर्ची काढायचीच नाही. पायांच्या मधली, पाठीच्या पट्ट्यांमधली जागा काढायची. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे मनाला ठाऊक असलेलं काही मध्ये घुसवता येत नाही. नाव असलेल्या वस्तूपेक्षा बिननावाची जागा अचूक काढली जाते, हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी विद्यार्थ्यांना नवल वाटतं.

शेवटी छायाभेद. कागदाच्या पांढऱ्यापासून कोळशाच्या काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी प्रत्येकाने करायची. निसर्गात उजेड आणि अंधार यांतलं अंतर प्रचंड असतं. कागदाकडे तेवढं अंतर नाही, कागद स्वतःपेक्षा उजळ होऊ शकत नाही. म्हणून समोरच्या उजेडाची नक्कल करता येत नाही, फक्त नाती जुळवता येतात: हे त्याहून गडद, ते याहून उजळ. डोळे बारीक करून बघितलं की बारकावे विरतात आणि मोठे गट उरतात. हे नीट जमलं की चित्राचं निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. रंग चुकले तरी छायाभेद बरोबर असलेलं चित्र उभं राहतं. उलटं सहसा होत नाही.

रंग कधी सुरू होतात आणि कसे?

कोळशानंतर, आणि आधी रंगीत कागदांनी. ब्रश नंतर.

फ्रान्समध्ये गोबलँ इथल्या राजेशाही गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यात मिशेल-यूजीन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तेव्हा रंगाईत खोट सापडली नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा उतरलेला दिसत होता. या निरीक्षणातून त्यांनी १८३९ साली रंगांच्या परस्परविरोधाचे नियम मांडले आणि पुढच्या चित्रकारांनी ते आवडीनं वाचले.

चित्रकार आणि शिक्षक योसेफ आल्बर्स यांनी याच गोष्टीवर वर्ग चालवले. त्यांचा एक अभ्यास मी दर वर्षी घेते. एकाच रंगीत कागदाचे दोन छोटे चौकोन कापायचे आणि दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवायचे, की ते दोन वेगळे रंग वाटले पाहिजेत. जमेपर्यंत कागद बदलत राहायचं. रंग कालवण्याची कटकट नसल्यानं सगळं लक्ष बघण्यावर राहतं. हा अभ्यास झाल्यावर ‘झाडासाठी कुठला हिरवा वापरू?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत. शेजारी काय आहे ते आधी बघतात.

ब्रश हातात आल्यावर पॅलेट छोटं ठेवते: एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी, आणि पांढरा. काळी ट्यूब नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जवळजवळ काळा होतो, आणि तो थंड म्हणजे निळसर ठेवायचा की उबदार म्हणजे तपकिरी, हे आपल्या हातात राहतं.

तुम्ही विद्यार्थ्याच्या चित्रावर हात का फिरवत नाही? बाकीचे शिक्षक तर दुरुस्त करून देतात.

मीही सुरुवातीला देत असे.

शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका मुलाने आपल्या आजोबांचं व्यक्तिचित्र केलं होतं. चेहरा चांगला होता, मांडीवर ठेवलेला हात जमत नव्हता. मी ‘बघ’ म्हणत त्याच्या हातातला कोळसा घेतला आणि तो हात काढून दिला. पाचेक मिनिटांचं काम. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं, लोक थांबून बघत होते, आणि जो तो त्या हाताचं कौतुक करत होता. मुलगा बाजूला गप्प उभा. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाला, “बाई, तो हात माझा नाहीये ना.” पुढे कितीतरी महिने त्याने चित्रात हात काढणं टाळलं. माणसं खिशात हात घालून उभी, नाहीतर हात मागे बांधलेले.

त्या दिवसापासून माझी पेन्सिल विद्यार्थ्याच्या कागदाला लागत नाही. काही दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घेते आणि त्यावर काढते. किंवा त्याच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून. बहुतेक वेळा तेही लागत नाही. ‘मनगट कोपरापेक्षा वर आहे की खाली?’ एवढं विचारलं की विद्यार्थी मॉडेलकडे बघतो, कागदाकडे बघतो आणि स्वतःच खोडायला घेतो. याला वेळ लागतो. पालकांना वर्षाअखेरीस कमी देखणी चित्रं घरी न्यावी लागतात. पण ती मुलाची असतात.

चित्रचर्चा म्हणजे काय? मुलीला सगळ्यांसमोर चित्र लावायची भीती वाटते.

भीती वाटणारच. ज्या गोष्टीवर मन लावून काम केलं ती भिंतीवर टांगून लोकांना बोलू द्यायचं, यात धाडस आहे. म्हणून चर्चेचे नियम मी फार काटेकोरपणे पाळते, माझ्यासकट.

ज्याचं चित्र आहे तो सुरुवातीला बोलत नाही. पहिली काही मिनिटं बाकीच्यांनी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. ‘डावीकडे मोठा गडद आकार आहे, नजर तिथून खिडकीकडे जाते, खिडकीतला पिवळा बाकी कुठेच नाही.’ चांगलं, वाईट, आवडलं, नावडलं हे शब्द या वेळी बंद. हे ऐकणं चित्रकाराला सगळ्यांत उपयोगी पडतं. आपल्याला वाटत होतं खुर्चीतली बाई महत्त्वाची आहे आणि सहाच्या सहा जणांनी आधी पडदाच बघितला, हे कळलं की पुढे काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

मग चित्रकार एक प्रश्न विचारतो. स्वतःला खरंच पडलेला. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न चालत नाही. ‘पुढची जमीन जड झालीय का?’ हा चालतो. प्रश्न नेमका विचारता येणं हीच अर्धी तयारी आहे आणि बरेच विद्यार्थी पहिल्या वर्षात इथेच अडखळतात. मी वाट बघते. शांतता कधीकधी दोन-दोन मिनिटं टिकते, तिला घाबरायचं नाही.

त्यानंतर मतं. पण प्रत्येक मताला चित्रातली जागा दाखवावी लागते. ‘मला उदास वाटतं’ म्हटलंत तर कशामुळे ते बोट ठेवून सांगा. माणसावर बोलायचं नाही, त्याच्या आधीच्या चित्रांशी तुलना करायची नाही. चर्चा संपल्यावर चित्रकार आपल्या वहीत तीन गोष्टी लिहितो: काय ऐकलं, काय पटलं, काय पटलं नाही. तिसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर मला काळजी वाटते. सगळ्यांचं सगळं ऐकणाऱ्याचं चित्र समितीने काढल्यासारखं होतं.

ज्या मुलीला भीती वाटते तिने पहिल्या दोन चर्चा फक्त ऐकाव्यात. तिसरीला चित्र लावावं.

गुण का देत नाही?

गुण दिले की विद्यार्थी गुणांसाठी चित्र काढतात, आणि ते चटकन कळतं. मी दर तीन महिन्यांनी लेखी अभिप्राय देते. त्याच्या आधी विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाबद्दल अर्धं पान लिहून आणायचं असतं.

थोरांच्या चित्रांची नक्कल केलेली चालते का? आणि फोटोवरून काढलेलं?

नक्कल हा फार जुना आणि चांगला अभ्यास आहे. रेम्ब्रांचं एखादं रेखाटन समोर ठेवून काढा, म्हणजे किती कमी रेषांत त्यांनी काम भागवलंय ते हाताला कळेल. नुसतं बघून ते कळत नाही. दोन अटी: मागे ‘अमुक यांच्या चित्रावरून’ असं लिहायचं, आणि ते स्वतःचं काम म्हणून प्रदर्शनात लावायचं नाही.

फोटोचं थोडं सविस्तर सांगायला हवं. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि तो एका क्षणात, एका मोजमापाने सगळं टिपतो. सावल्या बऱ्याचदा काळ्या गोळ्यासारख्या होतात, आकाश पांढरं पडतं, कडेच्या वस्तू ताणल्या जातात. ज्याने प्रत्यक्ष पाहून पुष्कळ काढलंय त्याला फोटोत काय खोटं आहे ते कळतं आणि तो फोटोकडून हवं तेवढंच घेतो. ज्याने फक्त फोटोवरूनच काढलंय त्याच्या चित्रात ते सगळं खोटं जसंच्या तसं उतरतं. म्हणून पहिलं वर्ष प्रत्यक्ष वस्तू, माणसं, खोल्या, झाडं. त्यानंतर फोटो, शक्यतो स्वतः काढलेला. दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र करायचं तर परवानगी घ्यावी लागते.

माझी स्वतःची शैली कधी सापडेल?

शोधायला गेलात तर उशिरा. विशीतल्या मुलांना या प्रश्नानं फार छळलेलं मी बघितलंय. कुणी एक युक्ती पकडतं, ती लोकांना आवडते, आणि मग तीच धरून वर्षानुवर्षं बसतं. मी त्याऐवजी विषय शोधायला सांगते. अशी कुठली गोष्ट आहे जी तुम्ही कुणी न सांगताही बघत बसता? फ्रेंच चित्रकार मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. गंजी त्याच होत्या, उजेड बदलत होता आणि त्यांना तो उजेड हवा होता. तुम्हाला काय हवंय हे कळलं की ते मिळवण्यासाठी तुम्ही जे जे करता, त्यालाच लोक पुढे शैली म्हणतात.

एक भाग फार सुंदर जमलाय, पण पूर्ण चित्र जमत नाहीये. काय करू?

बहुधा तो सुंदर भागच अडथळा असतो. तो वाचवण्यासाठी बाकी सगळं त्याच्याभोवती रचलं जातं.

पिकासो यांनी ‘गेर्निका’साठी पहिलं रेखाटन केलं १ मे १९३७ ला आणि जूनच्या सुरुवातीला जवळपास पावणेआठ मीटर रुंदीचं ते चित्र पूर्ण झालं. मधल्या काळात छायाचित्रकार डोरा मार यांनी चित्राच्या अवस्थांचे फोटो काढले, म्हणून आज आपल्याला निर्णय बदलताना दिसतात. सुरुवातीच्या एका अवस्थेत मध्यभागी वर उगारलेली जोरदार मूठ आहे. बघताक्षणी पकडणारी. शेवटच्या चित्रात ती नाही. हे फोटो मी वर्गात लावते आणि विचारते, ती मूठ तुम्ही पुसली असती का? या प्रश्नावर एक पूर्ण तास जातो.

तुमच्या चित्रात करून बघण्यासारखं: त्या आवडत्या भागावर कागद चिकटवून तो झाका आणि उरलेलं चित्र दोन दिवस तसंच बघा. चित्र आरशात बघा, उलटं करून बघा. पुन्हा काड्यापेटीएवढी पाच-सहा छोटी रफ रेखाटनं करा. आणि मग खोडायचं झालं तर खोडा. एकदा काढता आलं ते पुन्हाही काढता येतं.

घरी किती सराव करायचा?

रोज वीस मिनिटं, वहीत. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा हे बरं. वही कुणाला दाखवायची नाही, मलाही नाही, तुम्हाला वाटलं तर दाखवा. त्यात पानं फाडायची नाहीत आणि प्रत्येक पानावर तारीख घालायची.

टॅबलेटवर काढलेलं चालतं का? आणि एआय?

टॅबलेट चालतो. रचना ठरवायला, रंगांचे पर्याय पटापट करून बघायला तो उत्तम आहे. एकच काळजी: चूक एका टिचकीनं पुसता आली की हात बेफिकीर होतो. म्हणून रेखाटनाच्या अभ्यासात मी ‘मागे जा’ वापरू देत नाही.

एआयनं बनवलेली प्रतिमा शिकण्याच्या काळात मी घेत नाही. चौकट, उजेड, गाळणं, थांबणं हे सगळे निर्णय तिथे आधीच घेतले गेलेले असतात, आणि इथे विद्यार्थी नेमके तेच शिकायला आलाय. पायाचं शिक्षण झाल्यावर कुणाला ते साधन वापरायचं असेल तर आपण त्यावर बोलू. वापरलं असेल तर तसं कामाच्या माहितीत लिहायचं, यात सूट नाही.

साहित्य कुठलं घ्यावं? भारीचं लागतं का?

सरावाला साधं चालतं. पण एकदा काम टिकावं असं वाटू लागलं की ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला शिका. रंगाचं नाव कंपनीगणिक बदलतं, रंगद्रव्याचा क्रमांक बदलत नाही. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, कुठल्याही कंपनीचा घ्या. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरलेलं असतं. उजेडात रंग किती टिकतो याची खूणही ट्यूबवर असते. व्हॅन गॉग यांच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्यांनी त्या जांभळ्या रंगवल्या होत्या, त्यातला तांबडा उजेडानं उडून गेला. स्वस्त कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडून ठिसूळ होतो. तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवावेत, नाहीतर वरचा आधी सुकतो आणि तडे जातात.

आता जे मी पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगते ते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी घातलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या. ब्रशचं टोक ओठांत धरून जुळवायचं नाही. पेस्टलची भुकटी फुंकायची नाही, कागद उभा धरून झटकायची. कॅडमियमचे सुकलेले रंग घासायचे नाहीत. या बाबतीत कुणी हलगर्जी केली तर मी त्या दिवशीचं काम थांबवते.

कला महाविद्यालयासाठी पोर्टफोलिओ कसा तयार करायचा?

संस्थेनं संख्या दिली असेल तर तेवढीच चित्रं, एकही जास्त नाही. दिली नसेल तर पंधरा ते वीस पुरेत. निवडताना सगळं काम जमिनीवर मांडा आणि सगळ्यांत कमकुवत तीन आधी उचला. पोर्टफोलिओची उंची त्यातल्या सगळ्यांत पडक्या चित्रावरून मोजली जाते. सुरुवात आणि शेवट पक्क्या कामानं करा.

निवड करणारे नुसती सफाई बघत नाहीत. त्यांना तुम्ही विचार कसा करता ते बघायचं असतं. म्हणून एखाद्या चित्रासोबत त्याची रफ रेखाटनं, टाकून दिलेले पर्याय, वहीतली दोन-चार पानं ठेवा. सगळी चित्रं फोटोवरून केलेली असतील तर ते लगेच ओळखू येतं.

फोटो काढताना चित्र भिंतीला सपाट, कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर आणि समांतर, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत सारखा उजेड. फ्लॅश नको. मोजमाप लिहिताना आधी उंची, मग रुंदी.

कामाबद्दलचं मनोगत लिहिता येत नाही.

चित्र न दिसणाऱ्या मित्राला फोनवर सांगताय असं समजा आणि बोला, ते रेकॉर्ड करा, मग उतरवून काढा. माझ्या वर्गात मनोगतात ‘अंतरंग’, ‘प्रवास’, ‘अभिव्यक्ती’ आणि ‘भावविश्व’ हे शब्द वापरायला बंदी आहे. ते काढले की विद्यार्थ्याला खरंच काहीतरी सांगावं लागतं. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मी रिकाम्या जिन्यांची चित्रं काढते कारण लहानपणी मी तिथे बसून आईची वाट बघायचे.’ त्यात आणखी काही घालायची गरज नव्हती.

यावर पोट भरेल का?

पालक हा प्रश्न संकोचानं विचारतात. संकोच नको, प्रश्न योग्य आहे. फक्त चित्रं विकून घर चालवणारे थोडे असतात. बरेच जण शिकवतात, पुस्तकांची चित्रं करतात, डिझाइन करतात आणि त्याच्या शेजारी स्वतःचं काम सांभाळतात. यात कमीपणा काही नाही. पण ती वेळ वाचवण्याची शिस्त आधीपासून लावावी लागते, म्हणून मी त्या गोष्टीही शिकवते.

कामांची नोंदवही: क्रमांक, नाव, साल, माध्यम, आकार, सध्या कुणाकडे. किंमत आकारानुसार एका सूत्रावर ठरवायची आणि घरी विकलं काय, गॅलरीत विकलं काय, सारखीच ठेवायची. गॅलरीचा वाटा विक्रीच्या निम्म्यापर्यंतही असू शकतो, तो आधी लेखी विचारून घ्यायचा. चित्र विकणं आणि चित्राचे हक्क विकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक देशांत चित्र निर्माण झालं की कॉपीराइट आपोआप चित्रकाराकडे येतो, आणि कॅनव्हास विकला तरी लेखी दिल्याशिवाय तो सहसा जात नाही. ‘तुमचं नाव होईल’ एवढ्यावर फुकट काम मागणाऱ्याला नम्रपणे नाही कसं म्हणायचं, याचाही आम्ही सराव करतो. दोघांदोघांनी, मोठ्यानं बोलून.

तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला.

वाईट वाटून घ्यायला दोन दिवस घ्या. मग अर्जात पाठवलेली चित्रं माझ्याकडे किंवा ज्याच्या नजरेवर तुमचा विश्वास आहे त्याच्याकडे घेऊन जा आणि एकच विचारा: ही निवड बरोबर होती का? बऱ्याचदा काम बरं असतं, निवड चुकलेली असते. कधी काम अजून तयार नसतं, तेही मी स्पष्ट सांगेन. आणि कधी दोन्ही ठीक असतात, जागा कमी असतात.

ही पद्धत तुमचीच का?

नाही, पुष्कळ जणांकडून घेतलेली आहे. १९१९ या एकाच वर्षी जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा आणि शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं. बाउहाउसमध्ये योहानेस इटेन यांनी पायाभूत अभ्यासक्रम घडवला, त्यात विद्यार्थी लाकूड, कापड, कागद हातात घेऊन साहित्याचा स्वभाव समजून घेत. कलाभवनात नंदलाल बोस विद्यार्थ्यांना झाडापानांत, माणसांत नेऊन बघायला लावत. दोन्हीकडे साच्यातल्या नकलेपेक्षा स्वतः बघण्याला मान होता. मी त्या दोन्ही घरांची ऋणी आहे.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

एक ४बी पेन्सिल, एक कोरी वही, आणि आधी काढलेलं काही असेल तर ते. त्यातलं एक चित्र तुम्हाला न आवडणारं असू द्या. आपण त्याच्यापासून सुरुवात करू.